आमच्या फार्गोचं डिझेल

१९७४ सालचा उन्हाळा आमच्या घरानं एकाच भांडणात घालवला. फार्गोत कुठलं इंजिन घालायचं, हे ते भांडण. पेरणीची तयारी, आत्याचं बाळंतपण, माझी नववीची परीक्षा, सगळं त्याच्या मागं. जेवताना ताटावर तेच, रात्री ओट्यावर तेच. एकदा आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या मोटारीच्या पोटात काय घालायचं ते घाला बाबांनो, पण आधी आपल्या पोटात चार घास घाला."

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीपासून चार मैलांवर. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५६ साली हा ट्रक घेतला. पंचक्रोशीत पहिला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. कंपनी १९४४ सालची, वालचंद हिराचंदांची. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी इथं गाड्या आणायला सुरुवात केली. डॉज, डिसोटो, फार्गो ही एकाच घरातली नावं. ट्रक तोच, तोंडावरची अक्षरं तेवढी वेगळी. आमच्याकडं मात्र कुणी क्रायस्लर म्हणायचं नाही. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं ही 'वालचंदशेठची गाडी'. शेठजी १९५३ सालीच वारले होते, पण गावात हे कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

गाडी पेट्रोलची होती. सहा सिलिंडरचं, वॉल बाजूला असलेलं जुन्या अमेरिकन धाटणीचं इंजिन. आवाज असा की शेजारी बसून कुजबुजलं तरी ऐकू यावं. त्या काळीही डिझेलचा ट्रक मिळत होता, पण तो महाग, आणि पेट्रोल स्वस्त. आबांनी पेट्रोलचा घेतला आणि पंधरा-सोळा वर्षं त्यांचं काही चुकलं नाही. कांदा मुंबईला, येताना खत, सिमेंट, किराणा. १९७२ च्या दुष्काळात तर फार्गो रात्रंदिवस चालली. सुकडी, मिलोची तांबडी ज्वारी, खडी फोडायच्या कामावरचं सामान. अर्धी भाडी सरकारी, म्हणजे पैसे सहा महिन्यांनी. पण गाडी चालली आणि घर जगलं.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये तिकडं अरब-इस्रायल लढाई झाली. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं कच्च्या तेलाचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत पावणेबारा डॉलरच्या घरात गेलं. आपल्याकडं पेट्रोल कडाडलं. १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पेपरातला तो मजकूर आण्णांनी मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा आबा म्हणाले, "आपण रोजच जातो की बैलगाडीतनं. आपला कुणी पेपरात छापत न्हाई."

विनोद तेवढ्यापुरता. आमच्या फार्गोला लिटरला तीन किलोमीटर मिळायचे, घाट असला तर तेही नाही. मुंबईची एक खेप केली की भाडं पेट्रोल पंपावरच राहायचं. तात्या, माझे धाकटे चुलते, गाडी चालवायचे. आण्णा, माझे वडील, वही सांभाळायचे. फेब्रुवारीत आण्णांनी वही मिटली आणि सांगितलं, "आजपासून गाडी उभी. चालली तर तोटा, उभी राहिली तर नुसता गंज."

आता आमच्यासारखे त्या वर्षी महाराष्ट्रात पुष्कळ होते. लढाईनंतर लिलावात निघालेल्या शेवरले-फोर्डच्या लष्करी गाड्या, शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात जुळवलेल्या जुन्या गाड्या, आमच्यासारख्या पेट्रोल फार्गो आणि डॉज. चेसिस धट्टीकट्टी, पाटे शाबूत, पण इंजिन परवडेना. नवीन ट्रक घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. म्हणून पेट्रोल इंजिन काढायचं आणि त्या जागी जुनं डिझेल बसवायचं, हा धंदा त्या दोन-तीन वर्षांत जोरात आला. आजच्या पोरांना इंजिन बदलणं ही हौस वाटते. आमच्याकडं तो जमिनीचा प्रश्न होता. आजीच्या पाटल्या आणि सोसायटीचं कर्ज, एवढ्यावर आम्ही निघालो होतो.

निघालो ते मानखुर्दला. कारण आमच्याच तालुक्यातले एक मिस्त्री तिथं होते. तरुणपणी ते मुंबईत गेले, मोटारीच्या कामात मुरले, आणि पुढं सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसले. नाव लिहीत नाही. सगळे 'मिस्त्री'च म्हणायचे.

मानखुर्द तेव्हा मुंबईचं टोक होतं. लोकल तिथंच संपायची. वाशीपर्यंत ती पुढं १९९२ साली गेली. एका अंगाला देवनारची कचऱ्याची जमीन, १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारी. नुकताच, १९७१ साली, देवनारला मोठा कत्तलखाना सुरू झालेला, त्यामुळं बकऱ्यांनी भरलेले ट्रक रांगेनं यायचे. दुसऱ्या अंगाला अणुशक्तीनगर आणि तुर्भ्याची टेकडी, अलीकडं तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या चिमण्या. रात्री त्यांच्या टोकावर जाळ दिसायचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तात्यांना म्हणालो, "आग लागलीय." तात्या म्हणाले, "आपल्या पैशाला लागलीय ती."

पण या टोकाचं दार व्हायला सुरुवात झाली होती. १९७३ साली ठाणे खाडीवरचा पूल सुरू झाला. त्याआधी पुण्याकडून येणारा ट्रक पनवेलहून शीळफाटा, मुंब्रा, ठाणे असा वळसा घालून मुंबईत यायचा. आता पनवेल सोडलं की वाशी, आणि पूल ओलांडला की मानखुर्द. देशावरून येणारा प्रत्येक ट्रक मिस्त्रींच्या शेडपुढून जाऊ लागला. टायरवाले, पाटेवाले, बॅटरीवाले, चहाच्या टपऱ्या एका वर्षात रस्त्याला चिकटल्या. त्या भागाचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात अणुकेंद्र येईल, कत्तलखाना येईल. ही टपऱ्यांची रांगही यायला हवी असं मला वाटतं.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपली आणि मी क्लीनर म्हणून तात्यांबरोबर निघालो. आमच्याकडं क्लीनरला किन्नर म्हणतात. फार्गो पेट्रोलवरची शेवटची खेप करत मानखुर्दला पोचली. आण्णा दोन दिवसांनी पैसे घेऊन एसटीनं आले.

मिस्त्रींनी आम्हाला चहा पाजला आणि तीन इंजिनं सांगितली.

पहिलं टाटाचं. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक काढले. करार १९६९ ला संपला, पण लोकांच्या तोंडी 'मर्सिडीज'च होतं. अपघातात मोडलेल्या गाडीचं साडेचार लिटरचं इंजिन कुर्ल्यात पडून होतं. इंजिन उत्तम, सुटे भाग कुठंही मिळणारे. पण फार्गोच्या चेसिसवर त्याचं फाउंडेशन बदला, गिअरबॉक्स बदला, किंमतही जास्त. आण्णांनी आकडा ऐकला आणि चहाचा कप खाली ठेवला.

दुसरं पर्किन्सचं ३५४. म्हणजे ३५४ घन इंचांचं, ५.८ लिटर. ताकद भरपूर, आणि तेल थेट पिस्टनच्या डोक्यावर उडत असल्यामुळं ॲव्हरेजला चांगलं. त्याला गोल फिरणारा रोटरी पंप. तात्यांचा जीव याच्यावर जडला.

तिसरं पर्किन्सचंच, पण जुनं : पी-६. इंग्लंडात पीटरबरोला फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली कंपनी काढली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हे सहा सिलिंडरचं इंजिन आणलं. ४.७ लिटर, ८३ अश्वशक्ती. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनं ते पुढं भारतात बनवलं, आणि कुर्ल्याच्या फार्गो-डॉजमध्ये डिझेल हवं असणाऱ्याला हेच बसवून मिळायचं. म्हणजे आमच्या गाडीची सख्खी सोयरीक. जागेवर बसणार, घंटा-हौसिंग जुळणार.

"पी-६ म्हातारं आहे," तात्या म्हणाले.

"गाडी काय तरुण आहे?" मिस्त्री म्हणाले.

३५४ का नको, हे मिस्त्रींनी ज्या रीतीनं समजावलं ते मी विसरलो नाही. त्यांनी आधी विचारलं, "गावाकडं डिझेल कशातनं घेता?" आम्ही सांगितलं, पिंपातनं. शिरूरला पंप आहे, पण टंचाईत पिंप भरून ठेवावं लागतं. हातपंपानं नाहीतर डबड्यानं काढायचं, वर फडकं धरायचं. मिस्त्रींनी टाळी वाजवली. "झालं मग. रोटरी पंपाला वंगण वेगळं नाही. जे डिझेल जातं तेच त्याचं वंगण. पिंपातला गाळ, पाण्याचा एक थेंब, की आतला रोटर धरला. धरला की गाडी तिथंच उभी, आणि दुरुस्ती कुर्ल्याशिवाय नाही. लाइनीचा पंप बघ. खाली कॅम तेलात बुडालेला, वर सहा एलिमेंट, सहा जणांचे सहा चूल-संसार. एक बिघडला तर पाचांवर घरी जाशील."

मला तेव्हा वाटलं मिस्त्री पी-६ खपवायला बघताहेत. तसं नव्हतं. पुढं आमच्या तालुक्यात रोटरी पंपाचे ट्रॅक्टर आले, आणि पिंपातल्या डिझेलनं बसलेले पंप पिशवीत घालून पुण्याला नेणारे शेतकरी मी स्वतः पाहिले.

पी-६ ठरलं. कुर्ल्याच्या भंगारातून ब्लॉक आणला, लायनर बदलले, क्रँक घासून घेतला. पण खरी गोष्ट पुढंच होती. इंजिन घेणं सोपं. त्याला हवा कशी द्यायची आणि तेल कसं मोजायचं, यावर पंधरा दिवस गेले.

इथं थोडं समजून घ्यावं लागेल. पेट्रोल इंजिनात ड्रायव्हर पाय देतो तेव्हा तो हवा कमी-जास्त करतो. कार्बोरेटरमध्ये एक झडप असते, ती मिटली की इंजिन हवेसाठी ओढ घेतं आणि नळीत निर्वात तयार होतो, मिस्त्रींच्या भाषेत व्हॅक्युम. डिझेलला हवा मोकळी. तिथं ड्रायव्हरच्या पायाखाली तेलाचं माप असतं. त्या ब्लॉकबरोबर जो पंप आला त्याचा गव्हर्नर मात्र हवेवर चालणारा होता. म्हणजे हवेच्या वाटेवर मुद्दाम एक झडप बसवलेली, तिच्यापासून एक रबरी नळी पंपाच्या पाठीमागं जाते, तिथं चामड्याचा पडदा असतो. झडप मिटली की व्हॅक्युम पडदा ओढतो, पडदा रॅक ओढतो, तेल कमी. झडप उघडली की पडदा सैल, तेल जास्त. स्वस्त आणि साधी युक्ती.

"आता बघा," मिस्त्री म्हणाले. इंजिन स्टँडवर बांधून चालू केलेलं होतं, संथ. त्यांनी ती रबरी नळी बोटानं उपटली.

इंजिन भडकलं. पत्र्याची शेड थरथरली, काळा धूर रस्त्यापर्यंत गेला, टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. मिस्त्रींनी स्टॉपचा दांडा ओढला तेव्हा कुठं ते शांत झालं. मी ग्रीसच्या डब्यामागं लपलो होतो. तात्यांच्या हातातली बिडी विझली होती.

"नळी सुटली की पंप पूर्ण तेल सोडतो. नळीची किंमत आठ आणे. उन्हानं चिरते, उंदीर कुरतडतो. घाटात गिअर काढायच्या वेळंला हे झालं तर?"

कुणी बोललं नाही.

यावर उपाय मिळाला तो कोळीवाड्यात. ट्रॉम्बेच्या कोळ्यांच्या होड्यांना तोवर इंजिनं आली होती, त्यातल्या एकीत पी-६ होतं. खाऱ्या पाण्यानं त्याचा ब्लॉक खाल्लेला, म्हणून भंगारात निघालं. पण पंप चांगला होता, आणि त्याचा गव्हर्नर हवेचा नव्हता, लोखंडी वजनांचा होता. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि रॅक मागं घेतात. ना नळी, ना पडदा. मिस्त्री आणि मी चालत गेलो आणि तो पंप गोणपाटात गुंडाळून आणला. वाटेत सुकट वाळत होती. तिचा वास त्या गोणपाटाला महिनाभर होता.

होडीचा पंप ट्रकला तसाच चालत नाही. होडीला एकच वेग तासन्‌तास, ट्रकला सतत चढ-उतार. म्हणून तो कुर्ल्याला पंपवाल्याकडं नेला. बंद खोली, धूळ नको म्हणून दाराला दोन पडदे. पंप एका यंत्रावर बांधला, सहा नोझलं सहा काचेच्या नळ्यांवर. ठरावीक फेरे झाले की थांबवायचं आणि सहाही नळ्यांत तेल किती पडलं ते बघायचं. पहिल्यांदा तिसरी नळी जास्त, पाचवी कमी. पंपवाल्यानं पाना लावून केसभर फिरवलं, पुन्हा चालवलं. सातव्या-आठव्या वेळी सहाही नळ्यांत तेल एका ओळीत उभं राहिलं.

आण्णा खुर्ची ओढून त्या नळ्यांसमोर बसले होते. इंजिनातलं त्यांना काही कळायचं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण सहा नळ्या एका रेषेत आल्या तेव्हा ते म्हणाले, "हे बरं आहे. दोन्ही बाजूंची बेरीज जुळल्यासारखं." त्या उन्हाळ्यात ते खूश दिसले ते एवढंच.

हवेचं काम मिस्त्रींनी एका दिवसात उरकलं. झडपेची गरज संपली, ती काढून टाकली. इंजिनला हवा मोकळी. तेलात हवा धुऊन घेणारा मोठा एअर क्लीनर बसवला आणि त्याचं तोंड बॉनेटच्या आत, वर, काचेच्या पट्टीजवळ ठेवलं. तात्यांना तो खाली बॅटरीजवळ हवा होता, साफ करायला सोपा म्हणून. मिस्त्री म्हणाले, "खाली गावची धूळ आणि इथली राख. आणि जूनमध्ये गोवंडीला गुडघाभर पाणी साचतं. डिझेलनं पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी काय दबत नसतं."

आणि याच मोकळ्या हवेनं आम्हाला अडवलं.

फार्गोचे ब्रेक हायड्रॉलिक होते, पण त्यांना जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्युमवर चालायचा. वायपरसुद्धा त्यावरच. पेट्रोल इंजिन गेलं, व्हॅक्युम गेला. डिझेलला व्हॅक्युम हवा तर तो ओढणारा वेगळा पंप लागतो, त्याला एक्झॉस्टर म्हणतात. रस्त्यापलीकडच्या एका शेडमध्ये हवेच्या गव्हर्नरच्या झडपेपाशीच नळी मारून त्यातून ब्रेक चालवून देत. मिस्त्रींना ते मंजूर नव्हतं : व्हॅक्युम अपुरा, आणि ब्रेकची नळी फुटली की त्याच वेळी इंजिन भडकणार. नवा एक्झॉस्टर मद्रासहून मागवलेला होता. रेल्वे पार्सल ४ मे रोजी निघाल्याची पावती आली.

८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला.

ज्यांनी तो संप पाहिला नाही त्यांना त्याची कल्पना यायची नाही. जॉर्ज फर्नांडिस पुढारी, लाखो कामगार कामावर नाहीत, हजारो तुरुंगात. मानखुर्दचं स्टेशन ओस पडलं. आणि रस्ता? रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. माल आता ट्रकनंच जाणार. भाडी दुप्पट झाली, पुढं त्याहून वर गेली. मिस्त्रींच्या शेडपुढून दिवसरात्र ट्रक धावत होते, खाडीच्या पुलावर रांगा. गावाकडं आमचा आणि भावकीचा कांदा अरणीत पडलेला. आमची फार्गो शेडमध्ये तयार उभी : इंजिन बसलेलं, टायमिंग लावलेलं, हवा काढलेली, पहिल्या दांड्यालाच चालू होणारी. फक्त एक डबाभर आकाराचा पंप मद्रास आणि मुंबईच्या मध्ये कुठल्या तरी यार्डात.

जुना एक्झॉस्टर शोधला. दोन मिळाले. एकाच्या आतल्या पट्ट्या मोडलेल्या. दुसरा बसवून पाहिला तर घड्याळाचा काटा दहा इंचांवर अडला, वीसच्या पुढं जायला हवा तो.

तात्या म्हणाले, "पायानं दाबीन जोरात. माझे पाय काय मोडलेत का?" ते दर तासाला हे म्हणत. १२ मेच्या संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "चल, बघू." गाडी रिकामी. आम्ही तिघं पुलावर गेलो, वाशीच्या टोकाला वळलो, आणि येताना उतारावर तात्यांनी ब्रेक मारला. मी मधल्या जागेवर होतो. तात्या सीटवरून उचलले गेले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पेडलवर उभेच राहिले. पेडल दगडासारखं. पुढचा टँकर जवळ येत गेला, येत गेला, आणि त्याच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

तात्यांनी गाडी शेडमध्ये लावली, उतरले आणि बराच वेळ हात धूत बसले. मग आण्णांना म्हणाले, "मी न्हेणार न्हाई. रिकामी हुती म्हणून थांबली."

आता मजा बघा. इतके दिवस घाई करणारे तात्या मागं सरले, आणि सगळ्यात सावध माणूस, आमचे आण्णा, पुढं आले. त्यांच्यासमोर वही होती. पाटल्या गहाण, सोसायटीचा हप्ता जूनमध्ये, आणि बाहेर असं भाडं जे पुन्हा जन्मात मिळणार नव्हतं. "अर्धाच माल घे. घाट पहिल्या गिअरात उतर. लोक उतरतात की."

"लोक उतरत्यात. तुमी बसा माझ्या शेजारी, मग उतरतो."

आण्णा म्हणाले, "बसतो." आणि खरंच ते बसले असते. हे मी आज लिहितो तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. ते लोभी नव्हते. कर्जदार माणसाला ब्रेकपेक्षा हप्ता आधी दिसतो.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. संध्याकाळी शेड बंद करताना त्यांनी पहिल्या सिलिंडरचा नोझल पाइप सोडला, पुसला आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवला, इंजिन चालवून बघितलं, संध्याकाळी परत काढला. संप संपेपर्यंत रोज. आण्णा एकदा म्हणाले, "गाडी माझी आहे, मिस्त्री." मिस्त्री म्हणाले, "गाडी तुमची. पाइप उद्या सकाळी देतो."

संप २७ मेला मागं घेतला गेला. पार्सल २ जूनला मिळालं. एक्झॉस्टर बसला, काटा वर गेला, पेडल मऊ झालं. पण तोवर भाडी खाली आली होती. जूनचा हप्ता चुकला, आणि त्या वर्षअखेर ओढ्याकाठचे दोन एकर गेले. आण्णांच्या वहीत त्या मे महिन्याचं पान कोरं आहे. नुसती तारीख, पुढं काही नाही. पुढं दोघा भावांच्या वाटण्या झाल्या त्या वेळी ते वीस दिवस पुन्हा निघाले. आण्णा म्हणाले, "तू त्या वेळी गेला असतास तर ओढ्याची जमीन आज आपली असती." तात्यांनी उत्तर दिलं नाही. दोघांचं बोलणं त्यानंतर सणासुदीपुरतं उरलं.

गाडी मात्र चालली. लिटरला साडेचार मिळू लागले. पी-६ पेट्रोल इंजिनाइतकं वेगानं फिरत नाही, त्यामुळं सपाटीला ट्रक मंद झाला. तात्या कुरकुरायचे की बैलगाडीवाले ओळखीचे झालेत. आरटीओत इंजिन नंबर आणि इंधनाची नोंद बदलून घ्यायला तीन हेलपाटे झाले. पुढं कांद्या-बटाट्याचा घाऊक बाजारच खाडीपलीकडं तुर्भ्याला गेला आणि मानखुर्दला जायचं कारण संपलं. तरी पंपाच्या कामाला तात्या पूल ओलांडून मिस्त्रींकडंच जायचे.

पहिल्या भरल्या खेपेला मी बरोबर होतो. ५ जूनची रात्र, साठवणीतला कांदा, वर ताडपत्री. खंडाळ्याला तात्यांनी गाडी थांबवून चहा घेतला, पाइपांवर हात फिरवून गळती बघितली. घाटात शिंग्रोबापाशी नाणं टाकलं. मग दुसरा गिअर, आणि आम्ही उतरू लागलो. पावसाची पहिली सर आली, वायपर हलला, तात्या त्याच्याकडं बघून हसले. खोपोलीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

पहाटे पूल ओलांडून मानखुर्दला आलो. शेड बंद होती, पण मिस्त्री बाहेर बाजल्यावर झोपलेले. इंजिनचा आवाज ओळखून ते उठले. काही न विचारता गाडीभोवती फिरले आणि चारी कोपऱ्यांच्या ड्रमवर पालथा हात ठेवून बघितला. मागच्या डाव्या ड्रमवर जरा जास्त वेळ ठेवला.

"हा जरा धरतोय," ते म्हणाले. "माल टाकून ये, मग बघू."

तात्यांनी गिअर टाकला आणि आम्ही सायनकडं निघालो.